सही केल्याशिवाय आत नाही

साक्षात यमराज आला असता, तरी आमच्या घरमालकीण काकूंच्या फाटकाशी त्याला नाव, फोन नंबर, आल्याची वेळ आणि कामाचं स्वरूप लिहूनच आत यावं लागलं असतं. आमच्या कुरुळी गावातल्या बाकीच्या घरमालकांनी भाडेकरूंची माहिती एकदा पोलिसांकडे दिली आणि हात झटकले. काकूंनी मात्र फाटकाशी खुर्ची टाकली, सुतळीने वहीला पेन बांधलं आणि येईल त्याला धरायला सुरुवात केली. दिवाळीला आलेले त्यांचे जावई कामाच्या रकान्यात काय लिहावं या विचारात मिठाईचा पुडा धरून पाच मिनिटं उन्हात उभे होते. मी एकदा कोथिंबीर घेऊन तशीच आत शिरले, तर मला परत फाटकाबाहेर जाऊन यावं लागलं. आठ खोल्यांत आम्ही सगळ्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या मुली, आणि काकूंची नक्कल करणं हा आमचा रोजचा विरंगुळा.

माझ्या शेजारच्या खोलीत मनीषा राहायची, बीडकडची. आधीच्या कंपनीतला एकजण तिच्या मागे लागला होता. तिने त्याला तोंडावर नाही म्हटलं, नंबर बदलला, कंपनी बदलली. तरी पहिली शिफ्ट सुटून साडेतीनला बस कोपऱ्यावर थांबली की हा समोर उभा. बोलायचा नाही, नुसता हसायचा. मनीषाला जेवण जाईना. तक्रार करावी तर वडिलांना कळणार, आणि कळलं की नोकरी सोडवून ते तिला गावी नेणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी तो सरळ फाटकाशी आला. काकूंनी शांतपणे वही पुढे केली. मी आतून ओरडले, "काकू, हाकला त्याला! सह्या कसल्या घेताय?"

"लिवू दे," त्या म्हणाल्या. "हाकलला तर नुसता जाईल. लिवलं तर ऱ्हाईल."

आणि त्या शहाण्याने खरंच लिहिलं! पाव्हण्यासारखं विचारतायत म्हटल्यावर तो भलताच फुगला. कामाचं स्वरूप: 'लग्नाची बोलणी'. काकूंनी मनीषाला दाराआडूनच विचारलं, तिचं 'नाही' ऐकलं आणि खाली लिहिलं, 'मुलगी नको म्हणते. समक्ष सांगितले.' त्याखालीही त्याची सही घेतली. असं सहा वेळा झालं. सहाव्यांदा सही करताना तो म्हणाला, "कुठवर लपवाल? तिची बस कधी येते, माहितीय मला." काकूंनी तेही लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, पण पायाशी ठेवलेला चहाचा पेला त्यांच्याच धक्क्याने लवंडला होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की काकूही घाबरतात.

दुसऱ्या दिवशी, वडिलांना कळलं तरी चालेल म्हणत, मनीषा तक्रार द्यायला तयार झाली. चौकीतले हवालदार म्हणाले, "अहो बाई, रस्ता सगळ्यांचा आहे. पुरावा काय?" काकूंनी वही उघडून समोर ठेवली. ते वाचत गेले, मग उठून साहेबांना बोलवायला गेले. पाठलागाचा गुन्हा दाखल झाला. 'वाचले' म्हणून काकूंनी हवालदारांचीसुद्धा सही घेतली.

वडील आलेच. मनीषाची बॅग भरून तयार होती. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "दादा, गुन्हा त्यानं केला. मग घरी तुमची पोर का बसंल?" त्यांनी बॅग उचलून परत खोलीत ठेवली. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वहीत गेल्याची वेळ लिहून एकटेच गेले. मी ढसाढसा रडले.

पुढे महिला ग्रामसभेत काकूंनी ठराव मांडला: कंपन्यांच्या बस मुलींच्या गल्लीपर्यंत याव्यात, आणि छळाची तक्रार केली म्हणून कुणी घरमालकाने मुलीची खोली खाली करून घेऊ नये. मागून एक बाई म्हणाली, "असं कोण करतंय वं आपल्यात?"

"मी केलंय," काकू म्हणाल्या. "एका पोरीच्या मागं असाच लागला व्हता एक. भानगड नको म्हणून दोन दिसांत तिला बाहेर काढली. कुठं जाती, इतकंबी इचारलं न्हाई. तवापासनं ही वही धरली."

ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. परतताना काकूंना आम्ही इतके दिवस हसलो याची मला लाज वाटत होती. त्या मुलीबद्दल विचारायचा धीर मला होईना. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्याच म्हणाल्या, "सुनीता नाव तिचं. भाकरी लई पातळ थापायची."