पालथ्या ऑपरेशनचे लोड

जळगावच्या एका खासगी दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. तिथे दुर्बिणीचं नवं मशीन आलं तेव्हा फीत कापली गेली, पेढे वाटले गेले आणि मॅनेजरसाहेबांनी मशीनवर जावयाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून फोटो काढून घेतला. सर्जनसाहेबांनी त्याच दिवशी जाहीर केलं, की अन्ननलिकेच्या कॅन्सरला यापुढे छाती फाडायची नाही. काम चार-पाच छिद्रांतून होईल आणि पेशंट पालथा झोपलेला असेल. पालथं झोपलं की फुप्फुस आपल्याच वजनानं खाली सरतं आणि मागची अन्ननलिका स्वच्छ दिसते. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की फुप्फुसानं त्यांच्यावर वैयक्तिक उपकारच केलेत.

भूलतज्ज्ञ मॅडमना पेशंट डाव्या कुशीवर हवा होता. पालथ्या माणसाचं पोट दाबलं गेलं तर श्वास कसा जायचा, श्वासाची नळी सरकली तर काय करायचं, आणि आत रक्त वाहू लागलं तर छाती उघडायची कशी, हे त्यांचे प्रश्न. त्यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी पालथं ठरलं, कारण मॅनेजरसाहेबांनी पेपरवाल्यांना तसं आधीच सांगून टाकलं होतं. पेशंटच्या खाली काय ठेवायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मशीनसोबत अकरा खोकी आली होती, एकातही उशी नव्हती. मी विषय काढला तेव्हा मॅनेजरसाहेब म्हणाले, वॉर्डात उशांची काय कमी आहे?

पहिला पेशंट ठरले ते धुळ्याचे एक गादीवाले चाचा. साठी उलटलेले, बारीक अंगाचे. सहा महिन्यांपूर्वी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर घशाखाली अडकायला लागली, मग मऊ भात, मग चहासुद्धा. किरणं आणि केमो झाल्यावर गाठ आक्रसली होती, आता ऑपरेशन. आमच्या ऑफिसनं तयार केलेल्या संमतीपत्रात ‘रुग्णास पालथे पाडण्यात येईल’ असं छापलं होतं. चाचींनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि सर्जनसाहेबांना शांतपणे विचारलं, की यांनी तुमचं असं काय बिघडवलंय?

मॅडमनी एक अट घातली होती. पेशंटला आदल्या दिवशी जागेपणीच टेबलावर पालथं झोपवून बघायचं. मान वळते का, खांदे दुखतात का, ते झोपेतला माणूस सांगू शकत नाही. पण त्याआधी फोटोसाठी मॅनेजरसाहेब स्वतःच टेबलावर चढले. छातीखाली दोन उशा, पोटाखाली एक. फोटोग्राफरचं आटपेपर्यंत साहेबांचा चेहरा जांभळा झाला. तरी उठल्यावर ते म्हणाले, अगदी आरामदायक आहे.

चाचा स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. मग ते स्वतः टेबलावर गेले, मिनिटभर पडून राहिले, आणि कोपरावर उठून त्यांनी पोटाखालची उशी ओढून बाहेर काढली.

‘‘सिस्टर, हाई उशी इठे नको,’’ ते मला म्हणाले. ‘‘पोट लोंबतं राहू द्या. पोट दाबलं त दम कोठून येई?’’

मॅडम एकदम पुढे आल्या. तीन मीटिंगांत त्या हेच सांगत होत्या, पण इंग्रजीत.

चाचांनी मग आपलं माप आपणच सांगितलं. एक लोड छातीखाली, एक कमरेखाली, मधे पोकळी. कपाळाला चुंबळीसारखं गोल, म्हणजे डोळ्यांवर भार नको. गुडघ्यांना पातळ गादी, पायाची बोटं अधांतरी. कापूस घामानं बसतो, म्हणून आत फोम, वर रेक्झिन. सर्जनसाहेबांनी विचारलं, हे कुठे मिळेल? चाचा म्हणाले, माझ्या दुकानात.

ऑपरेशन तीन दिवस पुढे गेलं. मॅनेजरसाहेबांनी पेपरला ‘तांत्रिक कारण’ कळवलं. चाची धुळ्याहून बसनं फोम, रेक्झिन आणि दाभण घेऊन आल्या. चाचा वॉर्डातल्या खाटेवर मांडी घालून टाके घालायला बसले. घशातून पाणी कष्टानं उतरत होतं, पण हात चालू होता. राउंडला आलेल्या डॉक्टरांना नियमाप्रमाणे हरकत घ्यायची होती, त्यांनी ती जंतुसंसर्ग समितीकडे पाठवली. त्या समितीत मी एकटीच असल्यामुळे मंजुरी लगेच मिळाली.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देऊन झाल्यावर सहा जणांनी मिळून त्यांना उलटं केलं. मॅडमनी दोन्ही हातांनी डोकं आणि नळी धरली होती, आकडे मोजून आम्ही वळवलं. पोट दोन लोडांच्या मधे मोकळं लोंबत होतं. मॅडम मॉनिटरकडे बघत म्हणाल्या, ‘‘श्वास छान जातोय.’’ सर्जनसाहेबांना अन्ननलिका हवी तशी दिसली. छातीचं काम संपल्यावर पुन्हा उताणं करून पोटाचं आणि मानेचं काम झालं, म्हणजे जठर वर ओढून अन्ननलिकेच्या जागी मानेत जोडलं. दुपार टळून गेली. मी पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर कपाळ, छाती, गुडघे. कुठेही लाल डाग नव्हता. मला रडू आलं. मास्क होता म्हणून बरं.

सर्जनसाहेबांनी पुढे परिषदेत फोटो दाखवले. स्लाइडवर ‘आमच्या संस्थेत विकसित केलेली पद्धत’ असं होतं. फोटोत लोडावर कोपऱ्यातला लाल टाका स्पष्ट दिसतो. तो टाका चाचा आपल्या प्रत्येक गादीला घालतात, हे तिथे कुणाला ठाऊक असणार?

मानेतल्या कामामुळे चाचांचा आवाज दोन महिने बसला होता, मग सुटला. मागच्या तपासणीला आले तेव्हा डबा सोबत होता. आता थोडं थोडं सहा वेळा खातात आणि डोकं उंच करून झोपतात, आडवं झालं की आंबट वर येतं. चाची तक्रार करत होत्या, की आयुष्यभर लोकांना सपाट झोपवलं आणि स्वतः रात्रभर एस.टी.त बसल्यासारखे झोपतात. चाचा हसले आणि मला वाटीभर मऊ खिचडी पुढे करून म्हणाले, ‘‘ल्या सिस्टर, आते घशाखाली उतरस.’’