मामाने सांगितलेला शेवट

आमच्या मामाला इंग्रजी यायचं नाही, आणि तोच सगळ्या थिएटरला इंग्रजी सिनेमा मराठीत सांगायचा. एका कारखान्यात लेथवर होता, ड्रॉइंगवरचे इंग्रजी आकडे वाचायचा. तेवढ्यावर शिवाजी पेठेने त्याला विद्वान ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळच्या खेळाला एक जुना हेरपट वर्षातून दोनदा तरी लागायचा. मामा मला, त्याच्या भाचीला, हटकून न्यायचा. बर्फाचा मुलूख, लांब कोटातला हेर, मागे लागलेल्या मोटारी. पडद्यावर कुणी तोंड उघडलं की मामा खणखणीत आवाजात सुरू. "त्यो म्हणतोय, जेवून जावा की पावणं! जाऊ नगो रं, जेवणात इख हाय!" एकदा पुढच्या रांगेतला कॉलेजकुमार वळून म्हणाला, "काका, तो असं म्हणत न्हाई." "मग तू सांग की," मामा म्हणाला. त्याला कुठलं येतंय! पुढं वळून शेंगा खात बसला.

"काम करायचं, मार खायचा, आन् घरात कुणाला सांगायचं न्हाई. आपल्यातलाच हाय की त्यो," मामा हेराबद्दल म्हणायचा. मामी हे ऐकून कपाळाला हात लावायची.

शेवट मला पाठ होता. जखमी हेर बंदराच्या धक्क्यावर एकटा उभा, वायरलेस कानाला. पलीकडून त्याचा साहेब काहीतरी बोलतो. हेर समुद्राकडे बघत राहतो आणि सिनेमा संपतो. मामा उभा राहून सांगायचा, "साहेब म्हणतोय, थांब तितंच, न्यायला येतोय. आपल्या माणसाला सोडत न्हाईत, पोरी!" टाळ्या पडायच्या. मी तर रडायचे.

मामी गेली आणि पोरांनी मामाला गडहिंग्लजजवळच्या एका वृद्धाश्रमात टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. मी त्यांना चारचौघांत शिव्या घातल्या. शिव्या घालायला काय जातंय! मामा मला फोन करायचा, "दोन दिस तुझ्याकडं राजारामपुरीत न्हे की. एका कोपऱ्यात गप पडीन." माझा फ्लॅट चांगला तीन खोल्यांचा. "थांब मामा, रविवारी येते न्यायला," मी सांगायचे. मग मुलीचा क्लास निघायचा, नाहीतर रंगाचं काम. "थांबतोय की. मी कुठं जातोय?" तो म्हणायचा.

पाच महिने थांबला. मग तो गेल्याचाच फोन आला. आजोबा दर रविवारी आंघोळ करून, पिशवी भरून फाटकाशी बसायचे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

परवा तो सिनेमा मोबाईलवर सापडला, खाली मराठी अक्षरांसकट. जेवणात विष नव्हतंच. मला हसू आलं. मग तो बंदराचा धक्का आला, वायरलेस आला. साहेब म्हणत होता, "या नावाचा आमचा कुणी माणूस नाही."

मामाला हे कळलं नसेल? हेराचं पडलेलं तोंड पडद्यावर एवढं मोठं दिसत होतं. तरी तो उभा राहून आम्हाला खोटं सांगायचा. मग माझं खोटंही त्याला पहिल्याच रविवारी कळलं असणार. तरी पिशवी भरत राहिला.