कुलूपताईंची रहस्यकथांची फळी

वाचनालयात त्यांना सगळे कुलूपताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि ताईंना त्याचं काही वाटत नसे. एकतीस वर्षं त्या देवघेवीच्या टेबलाशी बसत होत्या. त्या टेबलावरून हजारो रहस्यकथा आल्या आणि गेल्या, पण कुणाचा खून कुणी केला हे ताईंच्या तोंडून एकदाही निसटलं नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. एकदा तो तापाने फणफणला होता, कादंबरी निम्मी राहिली होती आणि डोळे उघडवत नव्हते.

"अगं, निदान एवढं तरी सांग, तो डॉक्टरच ना?"

"बरे व्हा आणि वाचा," म्हणून ताईंनी कपाळावरची पट्टी बदलली.

पुस्तक सुचवायची त्यांची रीत वेगळी होती. गोष्टीबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. चौकशी करत ती वाचणाऱ्याची. घरात किती माणसं, झोप कशी लागते, शेवटचं पान आधी बघायची सवय आहे का. सवय आहे म्हणणाऱ्याला साहसकथा मिळे: समुद्र, बर्फ, हरवलेलं बेट. सवय नसेल त्यालाच खुनाची गोष्ट. रुग्णालयातून थेट इकडे येणाऱ्या परिचारिकेला त्यांनी सहाशे पानी सागरसफर दिली होती, "रोज दहा पानं, जास्त नाही" अशी ताकीद देऊन. नवीन लग्न झालेल्या एका मुलीच्या हातात बंद बंगल्यातल्या खुनाची कादंबरी ठेवली आणि म्हणाल्या, "घरातल्या प्रत्येकावर संशय घ्यायचाय. तुला जमेल."

बहिणीच्या ऑपरेशनसाठी ताई आठ दिवस रजेवर गेल्या. परत आल्या त्या सकाळी कुलूप उघडून पंखा लावतात न लावतात, तोच टेलरमास्तर दारात. मास्तरांनी टेबलावर पुस्तक ठेवलं.

"घ्या हे परत."

"झालं वाचून?"

"सुरूच नाही झालं."

मास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांची बायको बसते. आयुष्यभर काजं करून करून तिची नजर गेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तर तिला एक प्रकरण वाचून दाखवतात, ती चाचपत बटणं निवडते, आणि प्रकरण संपलं की आपला संशय कुणावर ते जाहीर करते. पुढचं पान मास्तरांनीही बघायचं नाही असा तिचा नियम. आणि वाचायचं ते पुठ्ठ्यापासून. छापखान्याचं नाव, आवृत्ती, किंमत, सगळं मोठ्याने.

"पुठ्ठा उघडला," मास्तर म्हणाले, "आतल्या बाजूला नवी छापील चिठ्ठी. वाचून मोकळा झालो मी. तुम्हीच वाचा."

ताईंनी पुस्तक उघडलं. सुबक चौकटीत छापलं होतं: 'वाचकांसाठी शिफारस. श्रीमंत विधवेच्या खुनाचा उत्कंठावर्धक शोध. इस्टेटीसाठी भाच्यानेच विष दिल्याचे अखेरीस उघड होते.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. बटणांचा डबा बंद केला. चार दिवस झाले. दुसरं पुस्तक काढलं तर म्हणते, नको. पुठ्ठा उघडाल तर तुम्हाला कळेल, आणि तुम्हाला कळलं की तुमच्या आवाजात येतं. ताई, भिंतीकडे तोंड करून बसते हो ती."

मास्तर गेल्यावर ताई फळीकडे गेल्या. एकेक पुस्तक काढून त्यांनी पुठ्ठे उघडले. रहस्य आणि साहस मिळून बासष्ट पुस्तकं, आणि बासष्टच्या बासष्टांत चिठ्ठी. अमुक आजोबा जिवंतच असतात. अमुक ठिकाणी जुळे भाऊ निघतात. एकतीस वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं सगळं कुणीतरी चौकटीत छापून डिंकाने डकवलं होतं. त्यांचे कान तापले.

हा उद्योग नव्या अध्यक्षांचा होता. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सभासद कमी होतायत म्हणून त्यांनी ही योजना आखली होती. अकरा वाजता ते आले आणि खुर्ची ओढून बसले, तशा ताई पुस्तक घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"साहेब, हे काय आहे?"

"आवडलं का? सूनबाईने दोन दिवस खपून केलंय."

"सूनबाईंनी वाचली का ही पुस्तकं?"

"वाचायची गरज काय? नेटवर सगळं मिळतं."

"आणि तुम्ही?"

"मी असलं वाचत नाही." अध्यक्षांनी समजुतीचा सूर लावला. "बाई, निवड करायची तर वाचकाला माहिती लागते. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहितात की नाही?"

"लिहितात. रोगी कधी मरणार ते लिहीत नाहीत."

"बरं, रहस्यकथांचं समजू शकतो. साहसकथांचं काय बिघडलं? नायक वाचतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

यात थोडं खरं होतं, आणि म्हणूनच ताईंना जास्त राग आला. नायक वाचतो हे ठाऊक असतंच. पण बर्फाच्या भेगेवरून तो कसा पलीकडे गेला, कुणाला मागे सोडून गेला, हे चिठ्ठीत सांगायचं असतं का? हे त्यांनी बोलून दाखवलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

"एकही चिठ्ठी काढायची नाही. वाचनालयाची मालमत्ता आहे. कागद फाटला तर जबाबदारी तुमची."

त्या दुपारी ताईंनी एका चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलून पाहिला. पुठ्ठ्याचा अस्तरकागदही सोबत निघायला लागला. डिंक इंजिनिअरने निवडलेला होता.

संध्याकाळी घरी त्यांनी भांडी घासली ती अशी, की नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "त्या पातेल्याने काय केलंय तुझं?" ताईंनी चिठ्ठ्यांचा प्रकार सांगत त्याच पातेल्यात मैदा कालवला आणि मंद आचेवर खळ शिजवायला घेतली. नवऱ्याने डोकावून पाहिलं, न विचारता कपाटावरचा खाकी कागद काढला आणि पट्टी घेऊन चौकोन कापायला बसला.

दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, ताई एकेका चिठ्ठीवर खाकी चौकोन डकवत होत्या. एकविसाव्या पुस्तकापाशी अध्यक्ष आले.

"काढू नका म्हटलं होतं मी."

"कुठे काढलंय? तुमची मालमत्ता जागच्या जागी आहे. वरून पांघरूण घातलंय."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही डकवताना कुणाला विचारलंत?"

पेपर वाचणारे दोघे-तिघे माना वर करून बघू लागले. अध्यक्षांचा आवाज चढला. "हे मी समितीपुढे ठेवणार आहे."

"ठेवा. मी येते ना सभेला. जो कुणी कादंबरी नेत असेल त्याला तिथेच शेवट वाचून दाखवू, मग चिठ्ठ्या कुणाला हव्यात म्हणून हात वर करायला सांगू." ताईंनी ब्रश खळीत बुडवला. "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

अध्यक्ष बाजूला झाले. विषय समितीपुढे गेला नाही. बासष्ट चौकोन डकवून झाले, तरी ताईंचा राग मात्र तसूभर उतरला नव्हता. ज्या बाईसाठी हे सगळं केलं ती अजून भिंतीकडे बघत होती. भाच्याचं नाव तिच्या डोक्यातून कुठल्या खळीने झाकणार?

वाचनालयाच्या साप्ताहिक सुटीच्या दुपारी त्या दुसरं एक पुस्तक घेऊन टेलरच्या दुकानामागच्या खोलीत गेल्या. मास्तरांच्या बायकोने पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठा उघडला आणि बोटांनी आतली बाजू चाचपली.

"जाड लागतंय. याच्याखाली आहे ना ते?"

"आहे. निघत नाही."

"मग यांच्या हातात नको. हे कागदाचा कोपरा उचलून बघतील."

"मी?" मशीनवरून मास्तर म्हणाले.

"तुम्हीच. गिऱ्हाइकांचे खिसे शिवताना आत हात घालून बघता, मला माहितीय." मग ती ताईंकडे वळली. "तुम्हाला शेवट ठाऊक आहे याचा?"

"आहे."

"कुणाला सांगितलात कधी?"

"नवऱ्यालाही नाही."

हात लांबवून बाईने शेजारचा डबा ओढला, झाकण काढलं आणि बटणं मांडीवर पसरली. "मग तुम्ही वाचा. दर सुटीला एक प्रकरण. तुमच्या आवाजातून मला काही कळलं, तर मात्र पुस्तक बंद."

ताई स्टुलावर बसल्या. छापखान्याचं नाव वाचलं, आवृत्ती वाचली, किंमत वाचली. खाकी चौकोनापाशी त्यांचं बोट थांबलं आणि डोक्यात पुन्हा अध्यक्षांचा समजुतीचा सूर वाजला. पान उलटून त्यांनी पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य वाचलं. कुणी पाहुणा पहाटे धक्क्यावर उतरतो, एवढंच होतं त्यात.

"हळू," मास्तरांची बायको बटणं निवडत म्हणाली. "पाहुण्याने काय केलंय तुमचं?"

ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.