ओढणी न काढता

कारखान्याच्या फाटकावर कामगार बायकांच्या पिशव्या तपासता तपासता तिचा स्वभावच झडतीचा होऊन बसला होता. बायका तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'झडतीबाई'. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. डबा उघडून बघायचा, छत्री उलटी करून झटकायची, आणि पिशवीपेक्षा जास्त वेळ पिशवीवालीच्या चेहऱ्याकडे बघायचं, ही तिची रीत. घरी आली तरी हा चाळा सुटत नसे. दुकानदार वजन करताना ती काट्याकडे बघायची नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघायची. फार पूर्वी एकदा लग्न जमत आलं होतं. तिने त्या गृहस्थाची अशी उलटतपासणी घेतली, की तो चहा अर्धा टाकून गेला तो गेलाच.

अशा बाईच्या घरी चिमणी राहायला आली. चिमणी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बाप कधीचाच दिसेनासा झालेला, आणि बहीण आजारपणात वारली. तेव्हा मावशीने पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवलं, एकटीच जाऊन सगळं उरकलं आणि परत येऊन सांगितलं, "आई लांब कामाला गेलीय. तू आता माझ्याकडे राहायचंस." नव्या शाळेतही हेच सांगितलं. जरा मोठी झाली की सांगू, असं तिने ठरवलं होतं. पोरगी मोठी होत राहिली आणि सांगायचं राहत राहिलं. दिवसभर दुसऱ्यांनी काय लपवलंय ते शोधणाऱ्या या बाईने घरात एवढी मोठी गोष्ट दडवून ठेवली होती. चिमणीही हळूहळू बोलायची थांबली. काही विचारलं तर मान हलवायची, तेवढंच.

एक दिवस मुख्याध्यापिकेने मावशीला बोलावून घेतलं. ज्या मुलांच्या मनावर ताण दिसतो त्यांच्यासाठी शाळेत नाटकाचे तास सुरू होणार होते. आत्ताच हात दिला तर पुढचा त्रास टळतो, असं त्या म्हणाल्या. शेजारी एक तरुण बाई बसल्या होत्या. त्या हे तास घेणार होत्या.

"घरी अलीकडे काही घडलंय का, मावशी?" नाटकवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

झालं! मावशीच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या गोड आवाजात कोणी फुकट विचारत नाही, हा तिचा फाटकावरचा अनुभव. "काही नाही. आई बाहेरगावी असते, दुसरं काय?" ती म्हणाली. नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून संमतीची सही तेवढी करून आली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला. दुःखावर औषध म्हणून नाटक? मुलांना सोंगं देऊन घरातलं काढून घ्यायचा धंदा दिसतोय, कुठेतरी पाणी मुरतंय नक्की! रोज संध्याकाळी ती चिमणीचं दप्तर उपसायची. त्यात काहीच सापडायचं नाही, आणि त्याने तिचा संशय आणखी वाढायचा.

"काय करायला लावतात गं तुम्हाला?" ती विचारायची.

"खेळतो," चिमणी म्हणायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मावशीचं झालं होतं. आपलं खोटं उघडं पडलं तर ही पोरगी पुन्हा कधी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, या एका भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी एका दुपारी ती पाळी बदलून घेऊन शाळेत गेली आणि हॉलच्या खिडकीशी उभी राहिली. आत मुलं गोल करून बसली होती. प्रत्येकाच्या अंगावर रंगीत ओढणी होती. मधोमध चिमणी उभी होती, पिवळी ओढणी खांद्यावर घेऊन, एक हात कमरेवर ठेवून. आणि ती बोलत होती! घडाघडा बोलत होती.

"ताई, उगाच डोळे मोठे करू नकोस. मी नाही घाबरत तुला!"

जगात मावशीला ताई म्हणणारी एकच होती, तिची वारलेली बहीण, आणि हे वाक्य तिचंच होतं. पुढचं तिला सुचलंच नाही. दार ढकलून ती आत घुसली आणि चिमणीचं मनगट धरलं.

"मावशी, थांबा!" नाटकवाल्या बाई धावत आल्या. "तिची ओढणी काढायची राहिलीय. तशीच नेऊ नका!"

मावशीला वाटलं, बाईंना आपल्या मालाची काळजी पडलीय. "खात नाही आम्ही तुमची ओढणी! उद्या धुऊन पाठवते," ती कडाडली आणि पोरीला ओढत बाहेर पडली. बाई मागून सांगत होत्या, की ओढणी उतरवून स्वतःचं नाव घेतल्याशिवाय कोणी सोंगातून बाहेर येत नाही. ते तिच्या कानात शिरलं, पण डोक्यापर्यंत पोचायला घर यावं लागलं.

घरी चिमणीने ओढणी काढली नाही. कपड्यांचा ढीग पुढे ओढून ती घड्या घालायला बसली. बाह्या आत दुमडून, आई घालायची तशाच.

"ताई, बस की जरा," ती म्हणाली.

"चिमणे, पुरे आता."

"चिमणीला सगळं माहितीय, ताई. तू तिला ठेवून गेलीस तेव्हा शेजारच्या काकू फोनवर बोलत होत्या, तेव्हाच तिने ऐकलं. पण तू तिच्याकडे अशी टक लावून बघतेस, की तिला वाटतं, ऐकलं हीच आपली चोरी."

मावशी मटकन खाली बसली. एवढी माणसं तपासली, आणि घरातल्या पोरीचं तोंड तिला वाचता आलं नव्हतं. लाज वाटली, आणि बहिणीची फार आठवण आली. मग तिला बाईंचे शब्द आठवले. तिने हात पुढे केला आणि पोरीच्या खांद्यावरची ओढणी हळूच काढून घेतली.

"तू कोण, सांग."

"चिमणी," ती म्हणाली. आवाज पुन्हा तिचा स्वतःचा, बारीक झाला होता.

"तुझी आई वारली, चिमणे. मी तुझ्याशी खोटं बोलले."

"मला का नाही नेलंस तेव्हा आईकडे?"

तू लहान होतीस, हे मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "मी घाबरले होते गं," ती म्हणाली.

"मग मला न्यायचंस ना," चिमणी म्हणाली आणि रडायला लागली. "दोघी मिळून घाबरलो असतो."