वाकळीचं मशीन

माझी आत्या सत्यशीला हिला राग येतो, हे आमच्या घरातल्या बऱ्याच जणांना तिची पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याआधी तो येत नव्हता असं नाही. बघायला कुणाला वेळ नव्हता.

आत्याचं सासर पेडगाव. तिचे यजमान दत्तराव गावच्या सोसायटीत सचिव होते, आता निवृत्त. एकुलता एक मुलगा गोपाळ पुण्याला कंपनीत. आणि आत्या वाकळा शिवते. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक अंथरायच्या आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. आमच्या परभणीकडचा हिवाळा बाहेरच्यांना खरा वाटत नाही, पण मार्गशीर्षात इथं दात वाजतात. बाजारातली ब्लँकेटं घराघरात आली तरी अंगावर घ्यायला वाकळच लागते. जिंतूरहून, पालमहून लोक साड्यांची गाठोडी घेऊन आत्याकडं येतात. बाळंतिणीला तिची वाकळ, लेकीच्या रुखवतात तिची वाकळ.

दोन वर्षांपासून तिच्या उजव्या हाताचा अंगठा आखडायला लागला. सकाळी उठल्यावर तो दुसऱ्या हातानं उघडावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, सुई सोडा. आत्यानं सुई सोडली नाही, पण एका संध्याकाळी दत्तरावांना जेवायला वाढताना सांगितलं, "मला वाकळीचं मशीन घ्यायचंय. परभनीला जाऊन चार दुकानं बघावी म्हनते. माझ्या खात्यात हायेत पैसे."

"बगू," दत्तराव म्हणाले.

ते 'बगू' पावसाळाभर चाललं.

दिवाळीत गोपाळ आला तो एक मोठं खोकं घेऊनच. भाऊबीजेला बाबांबरोबर मीही पेडगावला गेले होते. खोकं समोरच्या खोलीत दिवाणावर ठेवलेलं. त्यातून पांढरंशुभ्र प्लास्टिकचं, गुलाबी फुलांचं शिलाई मशीन निघालं. एका हातानं उचलावं इतकं हलकं. बटणं दाबली की नक्षीचे टाके पडत. दत्तरावांनी त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. गोपाळ मोबाईल धरून उभा राहिला.

"आई, हसत हसत चालव. व्हिडिओ काढतोय."

आत्यानं रुमालाला एक शिवण घातली. छान पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती आत गेली आणि अर्धी शिवलेली वाकळ घेऊन आली.

"आई, ते ऱ्हाऊ दे. आधी ब्लाऊज वगैरे शिव," गोपाळ म्हणाला.

आत्यानं वाकळीची कड सुईखाली सरकवली. सरकेना. तिनं जोर लावून कोंबली आणि बटण दाबलं. मशीननं एक बारीक किंकाळी फोडली आणि सुई मोडली. तुटलेलं टोक उडून आत्याच्या डोळ्याखाली लागलं. रक्ताचा एक थेंब आला.

"अगं, मशीन हाय ते, म्हैस न्हाई!" दत्तराव म्हणाले आणि खोली हसली. माझे बाबा हसले. गोपाळ इतका हसला की मोबाईल हलला.

आत्यानं पदरानं गाल पुसला. टोक बोटभर वर लागलं असतं तर काय झालं असतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. जेवणाची पानं मांडायच्या आत तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला. खाली लिहिलेलं, 'आईचा नवा छंद', आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे.

भांडी घासताना आत्यानं मला विचारलं, "छंद म्हनजे रिकाम्या येळात करत्यात ते ना?"

मी म्हटलं, "हो."

तिनं पातेलं इतक्या जोरात आपटलं की बाहेरून दत्तरावांनी विचारलं, काय पडलं म्हणून.

रात्री जेवणं झाल्यावर ते तिला समजुतीच्या सुरात सांगत होते, "लेकरानं एवढ्या हौसेनं आनलं. त्याचं मन मोडू नको. आन वाकळी बास कर आता. बसल्या जागी फॉल-पिको कर. शोभतंय ते." आत्या ऐकत होती. मशीन तिनं पुन्हा खोक्यात घातलं, वरून चिकटपट्टी लावली आणि खोकं धान्याच्या कोठीमागं ढकललं.

गोपाळ पुण्याला गेल्यावर एका सकाळी ती परभणीला माझ्या दारात उभी. एसटीनं आली होती. काखेत पोतं, पोत्यात वाकळ.

"चल," म्हणाली. "मशीन बगायचं."

पहिलं दुकान मोठं होतं, काचेचं. मालक माझ्याकडंच बघून बोलत राहिला. "आजींना टाइमपास म्हणून पाहिजे का? हे मॉडेल बघा, अगदी सोपं." आत्यानं पोत्यातून वाकळ काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ह्याच्यावर चालवून दाखवा."

"ही? नाही, नाही. नव्या पीसवर नाही चालवायची. आत धूळ जाते."

"धुतलेली हाय."

"तसं नाही हो. तुम्ही असं करा, मालकांना घेऊन या एकदा. त्यांना सगळं नीट समजावून सांगतो."

मला वाटलं आता ती वाकळ उचलेल आणि गप निघेल. आयुष्यभर ती तेच करत आली होती.

"मालकाला?" आत्या म्हणाली. आवाज सुरुवातीला लहान होता. "वाकळ मी शिवते. अंगठा माझा आखडलाय. पैशे मी देनार. आन समजावून तू त्यांना सांगनार? त्यांना सुईत दोरा घालता येत न्हाई! माझ्याकडं बगून बोल की. मी इथं हुबी हाय!"

शेवटचं वाक्य रस्त्यापर्यंत गेलं. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मालक म्हणाला, "ओरडू नका, बाई." त्यावर ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "ओरडनार!" मग वाकळ पोत्यात कोंबून बाहेर आली. रस्ता ओलांडताना म्हणाली, "मला वाटलं व्हतं लाज वाटंल. न्हाई वाटली."

कुणीतरी सिद्धोधनचं नाव सांगितलं. मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान. तो ताडपत्र्या शिवतो, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं, शाळेची दप्तरं शिवतो आणि जुनी मशीनं दुरुस्त करून विकतो. तिशीतला माणूस. त्यानं वाकळीची कड चिमटीत धरून दाबली.

"सगळीकडं एवढीच जाड का, मावशी?"

"कडंला दुप्पट."

आत्याच्या मनात पायानं चालवायचं काळं लोखंडी मशीन होतं. गावच्या शिंप्याकडं तिनं तेच बघितलेलं. सिद्धोधननं एक पुढं केलं. ते कुरकुरलं, पण वाकळ शिवली. आत्याचा चेहरा उजळला. मग त्यानं वाकळ उलटी केली. वरचा पदर सरळ, खालचा गोळा होऊन मध्येच चुण्यांचा ढीग.

"दोरा खराब हाय तुमचा," आत्या चिडून म्हणाली.

"दोरा चांगलाय. खालचे दाते खालचंच कापड पुढं ओढतेत. एवढे पदर असल्यावर वरचं मागंच ऱ्हाणार."

तिला ते पटलं नाही. तिनं आणखी दोनदा शिवून बघितलं. दोन्ही वेळा चुण्या. मग ती स्टुलावर बसली. इतके महिने ज्या मशीनचा विचार केला तेच कामाचं नाही, हा राग कुणावर काढावा ते तिला कळेना.

सिद्धोधननं दोन जड मशीनं दाखवली. दोन्हींत वरून कापड दाबणारा पायही दात्यांबरोबर चालत होता, वरचं आणि खालचं कापड एकदम पुढं नेत होता. पहिलं दिसायला चांगलं, फार वापरलेलं नव्हतं. पण शिवताना वाकळीची गुंडाळी सुई आणि मशीनचं अंग यांच्या मधून जावी लागते, आणि तिथं जागा अपुरी. आत्यानं गुंडाळी दाबली, पिळली, गुडघ्यानं रेटली. जाईना. दुसरं म्हणजे एक धूड होतं. बंद पडलेल्या बॅगांच्या कारखान्यातून आणलेलं, रंग उडालेलं, पण सुईवरचा आडवा हात लांब असलेलं. खाली मोटार. त्या हाताखालून गुंडाळी सहज गेली.

"खालच्या पट्टीवर पाय हळू ठिवा," सिद्धोधन म्हणाला.

तिनं ठेवला आणि मशीन उधळलं. वाकळ हातातून सुटून सरसर पुढं गेली. आत्या किंचाळून मागं सरली. मी म्हटलं, "आत्या, हे नको. भीती वाटते बघूनच."

"तू गप," ती म्हणाली आणि परत बसली.

दुपारभर ती बसून राहिली. सिद्धोधन त्याची ताडपत्री शिवत होता. मध्ये एकदा उठून त्यानं तिच्या मशीनचा वेग कमी केला, एवढंच. चारच्या सुमाराला वाकळीवर सरळ ओळी पडायला लागल्या. हातच्या धावदोऱ्यासारख्या नव्हेत, तिला त्या आवडल्याही नाहीत. "मेल्यावानी दिसत्यात," म्हणाली. पण वाकळ उलटी केली तर खाली एक चुणी नव्हती.

"मावशी, आधीच सांगतो," सिद्धोधन म्हणाला. "आवाज लय हाय. वजन लय हाय. लाईट गेली की बंद. आन बोट सुईखाली आलं तर ही हाडातून जाती."

"हेच द्या," आत्या म्हणाली.

मी विचारलं, "घरी फोन करू का आधी?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी फोन पर्समध्ये टाकला.

टेम्पो पेडगावला पोचला तेव्हा दत्तराव ओसरीत बसले होते. मशीन उतरवताना बघून ते उभे राहिले. "हे काय आनलंस? घरात कारखाना काढायलीस का?" आत्यानं टेम्पोवाल्याला सरळ समोरच्या खोलीत बोलावलं आणि दिवाणाकडं बोट दाखवलं. "हे बाहेर काढा."

"दिवाण?" दत्तराव दारात आडवे झाले. "आन मी बसायचं कुठं? माझ्या घरात?"

शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या होत्या. आत्याला त्या दिसत होत्या. तरी ती थांबली नाही.

"तुमच्या घरात? मी इतकी वर्सं कुठं बसून शिवलं? चुलीम्होरं बसले. माळवदावर उन्हात बसले. बाजंखाली घुसून पडलेली सुई हुडकली. तवा इचारलंत का, सत्यशीला, तू कुठं बसतीस? गोपाळची पुस्तकं वाकळीच्या पैशानं आली, ही फरशी बी त्याच्यातच बसली. तुमी दोगं बापलेक मला छंद हाय म्हनता? माझा डोळा फुटला असता त्या दिवशी. तुमी हसलात!"

टेम्पोवाला दिवाणाचं एक टोक धरून ताटकळला होता. दत्तराव बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी गोपाळचा फोन आला. बापानं सांगितलं असणार. "आई, मी किती प्रेमानं आणलं होतं."

"व्हय. मला म्हाईत हाय."

"सरप्राइज द्यायचं होतं तुला."

"सरप्राइज नगं मला. इचारायचं व्हतं. आई, कसलं मशीन पायजे, एवढंच इचारायचं. त्याला पैशे पडत न्हाईत."

तो रागावून म्हणाला, ती बदलली आहे. ती म्हणाली, "बरं." संक्रांतीला तो आला आणि गुलाबी फुलांचं मशीन घेऊन गेला. माय-लेकांत बोलणं झालं, तिळगूळ झाला, पण पूर्वीसारखं मोकळं नाही. आत्यानं ते मोकळं करायला स्वतःहून काही केलं नाही. यापूर्वी दर वेळी तीच करायची.

मशीन आता चालतं. आवाज खरंच फार आहे, अख्खी गल्ली हादरते. आत्या जाड भरीव शिवण मशीनवर घालते, आणि कडेची एक ओळ अजून हातानंच, अंगठा चालेल तेवढी. दत्तराव ओसरीत दिवाणावर बसतात, तिच्याशी कामापुरतं बोलतात.

मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा पालमकडचा एक माणूस गाठोडं घेऊन आला. ओसरीत दत्तराव दिसले म्हणून त्यांनाच म्हणाला, "काका, पंध्रा दिवसांत व्हईल का?"

"व्हईल की," दत्तराव म्हणाले. "घेऊन जावा निवांत."

आत मशीन थांबलं. आत्या दारात आली, कपाळावर घाम, केसांत दोऱ्याचे तुकडे.

"त्यांना काय इचारता? ते शिवनार हायेत का? मला इचारा. महिना लागंल. जमत आसंल तर ठिवा, न्हाईतर उचला."

माणूस चपापला. दत्तरावांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. गाठोडं मात्र त्यानं उंबऱ्याच्या आत, आत्याच्या पायाशी ठेवलं आणि तिलाच विचारलं, "महिन्यानं येऊ, मावशी?"

"या," आत्या म्हणाली आणि आत गेली. मशीन पुन्हा सुरू झालं.