क्रोशाचं कव्हर आणि तापलेला कॉम्प्युटर

माझ्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, गॅसच्या सिलेंडरलाही झालरीचा झगा. आमचे हे म्हणतात, "एक दिवस मलेही कव्हर घालशीन तू." मी म्हणते, तुमचं तोंड झाकायला दोरा पुरायचा नाही. आमच्या घरामागे जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापसाच्या दिवसांत तिथून उडालेलं तूस अकोलाभर फिरतं की नाही माहीत नाही, पण माझ्या खिडकीत मात्र न चुकता येऊन बसतं. शाळेतली नोकरी संपली, फडकं काही हातातून सुटलं नाही.

तर मुलीच्या कॉम्प्युटरलाही मी कव्हर केलं होतं. कॉलेजात असताना तिनं तो हौसेनं जुळवून घेतला होता. चांगला वजनदार, टेबलाखाली मांडून ठेवायचा. लग्न होऊन ती अमरावतीला गेली, कॉम्प्युटर आमच्याकडेच राहिला. मी त्याला पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं कव्हर विणलं. वर गुलाब, बाजूंना पानं, आणि पुढे बटणापुरतं एक भोक, म्हणजे कव्हर न काढताच मशीन सुरू करता यावं. ही अक्कल माझी स्वतःची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती कौतुकानं दाखवत असे. शिवाय टेबलाखाली कपाटासारखा कप्पा होता, दार लावता येणारा. मशीन त्याच्या आत. धुळीची काय बिशाद!

यंदा मे महिन्यात मुलगी महिनाभरासाठी माहेरी आली, सोबत पाच महिन्यांची नात. मुलगी घरांची चित्रं काढते, म्हणजे बांधकाम व्हायच्या आधीच ते घर कसं दिसेल, सकाळचं ऊन हॉलमध्ये कुठपर्यंत येईल, सगळं कॉम्प्युटरवर हुबेहूब. बाळ झाल्यावर तिची अमरावतीची नोकरी सुटली होती. आल्या आल्याच तिला तिथल्या एका आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. एका बंगल्याची पाच चित्रं शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायची. पसंत पडली तर पुढे घरबसल्या कायमचं काम. नाही पडली तर नमस्कार.

नुसता फोन आला तरी पोरीचा चेहरा किती दिवसांनी फुलला होता. मला दिसत नव्हतं असं नाही. पण माझी जीभ मेली! सोमवारी ती मशीनसमोर बसली, नात आत रडायला लागली, माझ्या हातात कणीक, आणि मी तिथूनच ओरडले, "काहून जिवाले ताप करून घेऊन राहिली? लेकरू पाह्य आधी. हे आता तुह्याच्यानं होत नाही."

ती उठली, बाळाला घेतलं, पाजलं, निजवलं, परत येऊन बसली.

एकेका चित्राला मशीनला दीड तास लागायचा. सगळी मांडणी करून द्यायची आणि मग ते आपलं एकटं उजेड-सावल्या मोजत बसणार. मधे बंद पडलं की ते चित्र पुन्हा पहिल्यापासून. आणि ते बंद पडलं. चाळीस मिनिटं झाली आणि पडदा एकदम काळा. ना आवाज, ना सूचना. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काळा पडदा झाला तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून बसली. मी चहा घेऊन गेले तर मान वर न करता म्हणाली, "आई, तू बरोबर बोलली. नाही होत माझ्याच्यानं."

माझेच शब्द. आता ते तिच्या तोंडी होते. मी चूक झाली म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा घे, थंडा होईन."

मंगळवारी आमच्या ह्यांनी सूत्रं हातात घेतली. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही अडचण पाण्यानं सुटते अशी त्यांची श्रद्धा आहे. कप्प्याचं दार उघडून आत हात घातला आणि म्हणाले, "बाप्पा! तवा झाला याचा. घरात सगळ्यायले कुलर, या बिचाऱ्यानं काय पाप केलं?" बैठकीतला कुलर ढकलत आणला, टाकी भरली, नवा वाळा घातलेलाच होता, आणि सगळा झोत मशीनवर सोडला.

कव्हर तसंच ठेवलं. कारण मीच म्हटलं, राहू द्या, ओलसर होईल तर बरंच. माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो, पाणी कसं गार पडतं! ह्यांना ते इतकं पटलं की त्यांनी वरून अजून दोन शिंतोडे मारले. मुलगी बाळाला आंघोळ घालत होती, नाहीतर तिनं आम्हा दोघांना घराबाहेर काढलं असतं.

ती आली, तिला शिंतोडे कळले नाहीत, तिनं काम लावलं. मशीन वीस मिनिटांत बंद पडलं. आधी निदान चाळीस तरी टिकत होतं.

बुधवारी सकाळी दुरुस्तीवाला आला तेव्हा कुलर चालूच होता. चाळिशीचा गृहस्थ, हातात ब्लोअर, खिशात रंगाऱ्याचा ब्रश. त्यानं कप्प्याचं दार उघडलं, ओलं क्रोशाचं कव्हर दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि आमच्याकडे बघतच राहिला.

"काकाजी, हे काय होय?"

"कव्हर," हे म्हणाले. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काय नवरा!

"आन् हे ओलं काहून?"

या प्रश्नाला ह्यांनी पंख्याकडे बघितलं.

त्यानं बाजूचा पत्रा उघडला. आत पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या उभ्या असतात, त्यांतून गरम हवा निघून जायची. त्या पात्या दिसतच नव्हत्या. जिनिंगचं तूस आणि धूळ यांचा दाबून बसलेला थर होता तिथे, चांगला गोधडीसारखा. त्यानं तो ब्रशनं उचलला तर एकसंध निघाला. पत्र्याच्या जाळीवर कुलरच्या पाण्याचे थेंब होते, आणि काही वाळून पांढरा खार धरलेले.

"नशीब समजा मॅडम, आत थेंब गेला नाही. कुलर माणसाले चालते, मशीनले नाही. आपलं पाणी हे असं खारं. एक थेंब बोर्डावर पडला असता तं रामनाम सत्य."

हे म्हणाले, "पण माठ कसा..."

"माठ सच्छिद्र असते, काकाजी. हे लोखंड होय. याले पाणी नाही, हवा लागते. इकून गेली पाह्यजे, तिकून निघाली पाह्यजे. तुमी याले स्वेटर घालून कपाटात कोंडलं."

स्वेटर! माझ्या गुलाबांना! मी काही बोलणार होते, पण मुलगी खाली मान घालून हसत होती. सोमवारपासून पहिल्यांदा. मग मी गिळलं.

त्यानं पंखा काढला, प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा जुना लेप खरवडला. तो वाळून खपली झाला होता. नवा लेप तुरीच्या दाण्याएवढाच ठेवला. "एवढाच?" मी विचारलं. "एवढाच. वरण नाही वाढायचं." मशीन कप्प्यातून काढून खिडकीजवळ पाटावर ठेवलं, भिंतीपासून वीतभर दूर, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय करून दिली. जाताना मुलीला समजावलं ते मीही ऐकलं. नुसतं चालू असताना पन्नासच्या आसपास राहिलं तर या उन्हाळ्यात झकास. जोराचं काम करताना ऐंशी-पंच्याऐंशी दिसलं तरी घाबरायचं नाही. नव्वदीत बराच वेळ राहायला लागलं तर सावध व्हायचं. शंभराजवळ गेलं की ते आधी स्वतःच हळू होतं, आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला बंद पडतं.

"म्हणजे ते बिघडलं नव्हतंच?" मुलीनं विचारलं.

"कुठचं बिघडते? त्याले श्वास नव्हता."

तो गेल्यावर मी कव्हर धुतलं, वाळवलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं.  माझ्या अपराधाची गोष्ट घरात कोणी काढेना, हेच मला जास्त लागत होतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता तिनं पहिलं चित्र लावलं. खोलीतच त्रेचाळीस अंश होते. आकडा सरसर चढला. अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, शहाण्णव. तिनं स्वतःच थांबवलं. मशीनमधला पंखा काही बर्फ बनवत नाही. खोलीतलीच हवा आत घेतो, आणि खोलीतली हवा आधीच भट्टी. एकही चित्र हातात नाही आणि उरले दोन दिवस. "फोन करून नाही म्हणते त्या बाईंना," ती म्हणाली आणि फोन शोधायला लागली.

मला माझे वडील आठवले. नांदगाव खंडेश्वरकडं आमची शेती होती. उन्हाळ्यात नांगरट करायची तर वडील पहाटे चारला बैल जुंपायचे आणि दहाच्या आत सोडायचे. नांगराची दोन तासं, म्हणजे ओळी, राहिली असली तरी सोडायचे. मी लहानपणी विचारलं होतं, बैल तर चालून राहिले, मग काहून सोडले? ते म्हणाले, "बैल सांगत नाही व माय. तो पडेपर्यंत चालते. घड्याळ आपुन पाहाचं असते."

"फोन ठेव," मी म्हटलं. "उद्या चारला जुंपू."

"काय?"

"मशीन. चारला लाव, दहाला सोड. अन् तोवर लेकरू माह्याकडे. भूक लागली तरच आणून देईन, नाहीतर तू या खोलीतून हलायचं नाही."

शुक्रवारी पहाटे चारला मी स्वयंपाकघराआधी तिच्या खोलीचा दिवा लावला. खिडक्या सताड उघड्या. बाहेर कोरडी, गार झुळूक होती, वऱ्हाडात मे महिन्यात तेवढाच काय तो देवाचा प्रसाद. पोरीनं चित्र लावलं आणि आकडा अठ्ठ्याहत्तरवर जाऊन बसला. हलेना. मी नातीला खांद्यावर घेऊन दर दहा मिनिटांनी दारातून बघायची. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर. हे फाटकाशी पेपरवाल्याला सांगत होते, आमचा प्रोसेसर आज एकदम नॉर्मल आहे म्हणून. साडेपाचला पहिलं चित्र पूर्ण झालं. मी ते पाहिलं. रिकामा हॉल, खिडकीतून आलेलं तिरपं ऊन, फरशीवर जाळीची सावली. अजून पायाही खणला नव्हता त्या घराचा. माझ्या पोरीनं हे केलं? मला काय माहीत होतं तिला काय काय येतं! मी इतकी वर्षं नुसतं तिचं मशीन पुसत होते.

दहापर्यंत चार चित्रं झाली. शनिवारसाठी एकच उरलं, दीड तासाचं काम. आम्ही निवांत होतो, आणि शनिवारी पावणेचारला लाइन गेली.

इन्व्हर्टर आमचा दोन पंख्यांपुरता. चार वाजले, सहा वाजले, सात वाजले. हे तीनदा कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत जाऊन आले, जणू ह्यांना बघून ती लाजून सुरू होणार होती. नऊला पाच मिनिटं असताना लाइन आली. पोरीनं काम लावलं. साडेदहा तर वाजणारच होते.

पावणेदहाला चौऱ्याऐंशी. दहाला सत्याऐंशी. तिनं माझ्याकडे बघितलं. "दहा वाजले, आई. सोडू?"

आता काय सांगू? नियम माझाच. सोडलं तर बारापर्यंत पुन्हा दीड तास मिळतो खरा, पण वाढत्या उन्हात. मी विचारलं, "तू सांग. टिकते का?"

तिनं आकड्याकडे पाहिलं, मग उरलेल्या चित्राकडे. "टिकते," म्हणाली. तिचा तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला.

मग ह्यांनी आपल्या खाटेजवळचा टेबलफॅन आणून खिडकीच्या बाजूनं लावला, कोरडा, एक थेंब पाण्याशिवाय. मी उन्हाच्या बाजूच्या खिडकीवर चादर टांगली. एकोणनव्वद. नव्वद. नव्वदवरच थांबलं. नात माझ्या कडेवर, आणि आम्ही चौघं त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे टक लावून. दहा चोवीसला चित्र पूर्ण झालं. तिनं पाचही पाठवली आणि खुर्चीतच मागे रेलली.

साडेबाराला बाईंचा फोन आला. पसंत. दुसऱ्या बंगल्याचं काम सोमवारपासून. ह्यांनी खणखणीत आवाजात "शाब्बास!" म्हटलं आणि नात दचकून रडायला लागली.

सगळे जेवून आडवे झाल्यावर मी मुलीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "कव्हर माह्यंच होतं. कप्प्यात मीच कोंडलं होतं त्याले. अन् सोमवारी जे बोलली, तेही चुकलंच माह्यं."

ती उठून बसली. "बाबा! इकडे या लवकर! आईनं चूक कबूल केली!"

"गप्प बस व, लेकरू उठते," मी म्हटलं. पण तिनं माझा हात सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही. "मले खरंच वाटलं होतं आई," ती हळूच म्हणाली, "का संपलं आता माह्यं."

"सांगाचं नाही का मग?"

"तूच ओळखाचं असते."

महिन्याची मुदत तिनं वाढवली, पुढे पाऊसपाणी होईपर्यंत. मशीन खिडकीजवळ उघडंच आहे. दर रविवारी मी कोरड्या ब्रशनं त्याची जाळी झटकते, तेवढी परवानगी मला आहे. पहाटे चारला नात माझ्याकडे येते. दहाचे ठोके पडले की मी दारात उभी राहून ओरडते, "सोड आता!" ती मशीन बंद करते. मग मी तिच्या पुढ्यात ताट ठेवते आणि तिचं पूर्ण जेवण होईपर्यंत तिथेच बसून राहते.