चाड्यावरची मूठ

लॉकडाऊनमध्ये एसटी बंद पडली तेव्हा तो गेवराईला आईवडिलांकडे अडकला आणि मी बीडला, आमच्या भाड्याच्या खोलीत. चार वर्षं आम्ही जोडप्यासारखे राहत होतो, पण घरमालकाच्या लेखी दोन मित्र. प्रवासाच्या पासाला नातं लिहायचं होतं. 'मित्र' लिहिलं. अर्ज नामंजूर. दोन महिने भेट नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं. उद्या डिझेल खरंच आटलं तर गाड्या कायमच्या थांबतील, जो तो आपापल्या माणसांत जाईल. आम्हा दोघांचं घर कुणी धरतच नाही, तर ते आधीच उभं करून ठेवलेलं बरं. त्याला पटलं. म्हणाला, "चल. पर शेण तू काढायचं."

नांदूरघाटजवळ दोन एकर घेतली. बैलजोडी, गोबरगॅस, घरचं बियाणं. त्याची मोटारसायकल मीच विकायला लावली. मी हट्टी आहे, आणि तो ऐकणारा होता.

पेरणी तिफणीने. एकाने बैल हाकायचे, दुसऱ्याने मागून चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीने दाणे सोडायचे. आसपास हे काम बहुतेक नवरा-बायकोच करतात. पहिल्या वर्षी शेजारच्या मावशी बांधावरून ओरडल्या, "चाड्यावर बाई कुठं हाय रं?"

"मीच की!" तो म्हणाला.

मावशी पोट धरून हसल्या. त्या हसण्याच्या आडोशाला आमची तीन वर्षं सुखाने गेली.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. "पेरणीला येतो," म्हणून तो गेला. आधी रोज फोन, मग आठवड्याने. एकदा म्हणाला, "हितं लई सोपं हाय बे. बटन फिरवलं की गॅस, किक मारली की दवाखाना. दमलो होतो मी, तुला बोललो न्हाई." मी 'हं' म्हणालो.

पाऊस झाला. जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला. चार दिवस मी फाट्यावर जाऊन येणाऱ्या गाड्या बघितल्या. पाचव्या दिवशी ओल उडायला लागली. मावशी म्हणाल्या, "मी धरते मूठ, त्यात काय." पण त्याच्या जागी दुसरं कुणी मला बघवलं नसतं. सरळ ट्रॅक्टर बोलावला. दुपारच्या आत दोन्ही एकर उरकले. बैल गोठ्यात रवंथ करत होते आणि रानात डिझेलचा वास भरला होता. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. ड्रायव्हरला चहा दिला.

संध्याकाळी त्याला फोन केला. "पेरलं."

"चाड्यावर कोन होतं?"

"कुनी न्हाई. ट्रॅक्टर आनला."

वाटलं, आता हसेल, माझी चांगली फिरकी घेईल, नाहीतर चिडेल तरी. मी फोन कानाला धरून उभा होतो.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मला तेवढाच घोर होता."